पहिल्या तीन रांगा

टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघात निवड झालेल्या मुलीसाठी एक पक्का नियम असे, आणि त्याचा चेंडूशी काहीही संबंध नसे. वर्गात बसायचं ते पहिल्या तीन रांगांत. मागच्या बाकावर नाही, खिडकीशी नाही, भिंतीला पाठ टेकून तर नाहीच. आणि तास बुडवायचा नाही. सबळ कारणावाचून तास बुडवला, तर पुढच्या सामन्यात मुलगी बाकावर, मग ती संघातली कितीही मोठी खेळाडू असो. सहा फूट दोन इंच उंचीची मुलगी पुढच्या रांगेत बसल्यावर मागच्यांना फळा कसा दिसत असेल, हा प्रश्न मला पडला खरा. पण नियम करणाऱ्या बाईंना तो पडला नसावा.

त्या बाईंचं नाव पॅट समिट. १९७४ पासून २०१२ पर्यंत, म्हणजे ३८ हंगाम, त्या या संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. १०९८ सामने जिंकले, २०८ हरले. राष्ट्रीय विजेतेपद आठ वेळा. आणि या सगळ्याहून मला जास्त गुंतवून ठेवणारी नोंद वेगळीच आहे. या ३८ वर्षांत जिने जिने खेळण्याची पूर्ण मुदत टेनेसीत पुरी केली, त्यातली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. शंभर टक्के. माझं आयुष्य बॅंकेत गेलं. शंभर टक्के वसुली दाखवणारी शाखा दिसली की आमच्याकडचा तपासनीस आधी चष्मा पुसायचा. मीही पुसला. पण हा हिशेब खरा आहे.

यापुढे मी त्यांच्याबद्दल एकेरीत लिहिणार आहे, त्यात अनादर नाही. तिच्या खेळाडू तिला 'कोच' म्हणत नसत, 'मॅडम' म्हणण्याचा तर तिथे रिवाजच नाही. त्या सरळ 'पॅट' म्हणत, आणि तिलाही तेच हवं असे. जिच्या नुसत्या रोखून पाहण्याने पोरींच्या पोटात गोळा येई, तिला नावाने हाक मारायची! आमच्या शाळेत पीटीच्या बाईंना कुणी अशी हाक मारली असती तर काय झालं असतं, याची कल्पना माझ्या वयाच्या वाचकांनी करावी.

मला बास्केटबॉल फारसं कळतं असं नाही. शाळेच्या मैदानात एक खांब होता, त्याला लोखंडी रिंग होती, रिंगला जाळी नव्हती. मुलींनी लंगडी आणि खो-खो खेळावं, रिंगेकडे मुलगे बघतील, अशी वाटणी कुणी न सांगताच झालेली होती. माझी भाची ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करते. निवृत्तीनंतर तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा शेजारच्या नॉक्सव्हिल शहरात हे विद्यापीठ पाहिलं. सगळं गाव नारिंगी. आपला भगवा नव्हे, सोललेल्या संत्र्याचा रंग. टोप्या, झेंडे, मोटारींच्या काचा, कुत्र्यांचे पट्टेसुद्धा. खेळाच्या भल्यामोठ्या बंदिस्त स्टेडियमसमोर एका बाईचा पुतळा. भाचीची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. ती म्हणाली, "आजी, ही पॅट." घरातल्या कुणाची ओळख करून द्यावी तशी. पॅट जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. या मुलीने तिला कधी पाहिलेलंही नव्हतं. तिथून माझं वाचन सुरू झालं.

अमेरिकेत कॉलेजचे खेळ म्हणजे आपल्याकडचं स्नेहसंमेलनातलं प्रकरण नव्हे, हे आधी सांगायला हवं. मार्च महिन्यात कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली की कचेऱ्यांतून पैजा लागतात आणि टीव्हीसमोरून माणसं उठत नाहीत. प्रशिक्षक ही तिथे फार मोठी असामी असते. खेळाडू दर चार वर्षांनी बदलतात, प्रशिक्षक मात्र तोच राहतो. म्हणून संघ त्याच्या नावाने ओळखला जातो. आपल्याला आचरेकर सर माहीत आहेत, पण सचिनचे म्हणून. तिथे उलटं.

पॅटचा जन्म १४ जून १९५२ चा, टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलचा. माहेरचं आडनाव हेड. घरी दुभती जनावरं, तंबाखूची शेती; तीन थोरले भाऊ आणि पाठीवर एक बहीण. वडील रिचर्ड हेड कडक शिस्तीचे, बोलणं मोजकं आणि कौतुक त्याहून मोजकं. कोठारात गवत साठवायच्या माळ्यावर एक रिंग ठोकलेली होती. दिवसाची कामं उरकली की रात्री दिवा लावून चौघं भावंडं दोन-दोन करून खेळत. धाकटी म्हणून सूट नाही, मुलगी म्हणून तर नाहीच.

गावच्या हायस्कुलात मुलींचा संघ नव्हता. तर या गृहस्थांनी बिऱ्हाडच हलवलं. जवळच्याच दुसऱ्या परगण्यात, हेन्रिएटा नावाच्या वस्तीत, घर केलं. कारण तिकडच्या शाळेत मुलींचा संघ होता. मुलीला खेळता यावं म्हणून घर बदलणारा शेतकरी बाप, आणि तोही १९६० च्या दशकातला! कौतुकाचा शब्द तोंडातून न काढणारी माणसं कधी कधी असं काही करून जातात. पुढे भावांना कॉलेजात खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या. पॅटची फी मात्र आईवडिलांनी भरली. मुलींना खेळासाठी पैसे द्यायचे असतात, हे तेव्हा तिथल्या कॉलेजांच्या गावीही नव्हतं.

१९७४ च्या सुरुवातीला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, तिचा गुडघा गेला. आतला अस्थिबंध तुटला. त्या काळी अशा दुखापतीनंतर मुली पुन्हा खेळत नसत, डॉक्टरांचंही तसंच मत होतं. वडिलांनी त्यांना सांगितलं, गुडघा नीट करा, हिला ऑलिंपिकला जायचंय. महिलांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा येणार होतं ते १९७६ ला, माँट्रियलला. पॅट तिथे गेली, अमेरिकेच्या संघाची एक कर्णधार म्हणून गेली आणि रौप्यपदक घेऊन आली. आठ वर्षांनी लॉस एंजेलिसला गेली ती प्रशिक्षक म्हणून, आणि तेव्हा सुवर्ण आणलं. अमेरिकेच्या महिलांचं या खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. रशियाचा संघ त्या वर्षी बहिष्कारामुळे आलेला नव्हता, हेही नोंदवून ठेवते.

पण गुडघा बांधलेल्या अवस्थेतच तिच्या आयुष्याचं खरं वळण आलं होतं. टेनेसी विद्यापीठात पुढचं शिक्षण घेता घेता तिने महिला संघाच्या प्रशिक्षकाला मदत करायची, असं ठरलेलं. तेवढ्यात मुख्य प्रशिक्षक बाईंनी अभ्यासरजा घेतली, आणि मदतनीस व्हायला निघालेली मुलगी एकदम मुख्य झाली. वय २२. संघातल्या चौघी जणी २१ च्या. पगार महिना २५० डॉलर. त्या वेळच्या दराने दोनेक हजार रुपये. त्यात स्वतःचा अभ्यास, मुलींना शिकवणं, गुडघ्याचे व्यायाम, संघाची व्हॅन चालवणं आणि सामन्यानंतर सगळ्यांचे गणवेश धुणं. ते गणवेशही आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आलेले. एकदा परगावच्या सामन्याला गेले असताना यांनी समोरच्या संघाच्याच व्यायामशाळेत चटया अंथरून रात्र काढली. डिसेंबर १९७४ मध्ये पहिला सामना झाला. मर्सर नावाच्या कॉलेजाविरुद्ध ८४-८३ असा एका गुणाने हरला.

तिथून १०९८ विजयांपर्यंतचा रस्ता नुसत्या जिद्दीने कापला, असं लिहायला सोपं जाईल. पण ते अर्धंच खरं. त्या रस्त्याला एक कायदाही होता. जून १९७२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने शिक्षणविषयक एक कायदा संमत केला. त्यातल्या नवव्या कलमाचा मुख्य मजकूर इंग्रजीत अवघा ३७ शब्दांचा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणक्रमातून कुणालाही स्त्री वा पुरुष असल्याच्या कारणावरून वगळायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'खेळ' हा शब्द त्यात कुठेच नाही. परिपत्रकं वाचण्यात जन्म गेलेल्यांना यातली गंमत कळेल. मोठाले बदल लांबलचक परिपत्रकांनी होत नाहीत. एखादी साधीसुधी ओळ असते आणि ती कुणीतरी शब्दशः खरी धरतं. कॉलेजांत मुलींचे खेळ हे शिक्षणाचाच भाग आहेत ना, मग शिष्यवृत्ती कुठे आहे, मैदान कुठे आहे, गणवेश कुठे आहेत, असं लोक विचारू लागले. पैसा एका रात्रीत आला नाही. पण मागण्याचा हक्क आला.

पॅटने तो वापरला. तिच्या राज्यातल्या शाळांत तेव्हा मुलींचं बास्केटबॉल वेगळ्याच नियमांनी चाले. संघात सहा जणी. त्यातल्या तिघी मैदानाच्या एका अर्ध्यात फक्त बचाव करणार, उरलेल्या तिघी दुसऱ्या अर्ध्यात फक्त चढाई. मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. मुलींना सबंध मैदान धावणं झेपणार नाही, ही यामागची काळजी. पॅटने याविरुद्ध उघड मोहीम उघडली. अर्धंच मैदान खेळलेल्या मुली मला नकोत, असा तिचा सूर होता. १९७९ मध्ये टेनेसीने तो नियम सोडला. आयोवा राज्यात तो १९९३ पर्यंत टिकला. १९९३! मी तेव्हा शाखेत संगणक बसवण्याच्या बैठकांना जात होते.

आता थोडं या प्रशिक्षकांच्या फिरतीच्या कामाबद्दल. चांगली शाळकरी खेळाडू आपल्याच कॉलेजला यावी म्हणून ते तिच्या घरी जातात, आईवडिलांसमोर बसतात. आपल्याकडे मुलगी पाहायला येतात तसाच हा कार्यक्रम. फरक एवढाच, की पोहे मुलगी आणत नाही आणि पसंत पडायचं असतं ते पाहुण्याला. सप्टेंबर १९९० मध्ये पॅट अशीच विमानाने पेन्सिल्व्हेनियाला गेली, मिशेल मार्सिनियाक नावाच्या मुलीकडे. पॅटचे दिवस भरत आलेले. बोलणी चालू असतानाच तिला कळा सुरू झाल्या. तिने बोलणं आवरतं घेतलं आणि परतीच्या विमानात बसली. वाटेत प्रसंग बिकट झाला, तेव्हा वैमानिकांनी व्हर्जिनियात उतरण्याची तयारी दाखवली. तिने साफ नकार दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये व्हर्जिनियाच्या संघाने टेनेसीला स्पर्धेतून बाहेर घालवलं होतं! मुलाचा जन्म टेनेसीतच व्हायला हवा. विमान नॉक्सव्हिलला पोचलं आणि टायलर तिथेच जन्मला.

ही गोष्ट तिकडे मोठ्या प्रेमाने सांगतात. मला ती ऐकून आधी त्या वैमानिकांची दया आली. बाळंतपणं काढलेल्या कुठल्याही बाईला यातला धोका कळतो. आमच्या आईने तर ही गोष्ट ऐकून पॅटला दोन शब्द सुनावले असते. पण हेही खरं, की संघासाठी एवढं सगळं करून ती मुलगी त्या वर्षी टेनेसीला आलीच नाही. ती दुसऱ्या कॉलेजात गेली. वर्षभराने मात्र स्वतःहून बदली घेऊन आली, आणि १९९६ चं विजेतेपद टेनेसीने जिंकलं तेव्हा अंतिम फेरीतली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली.

विजेतेपदांचं थोडक्यात उरकते, कारण ती कुठल्याही जंत्रीत सापडतील. पहिलं यायला १९८७ साल उजाडलं. त्याआधी हा संघ सात वेळा शेवटच्या चारांत पोचून रिकाम्या हाताने परतला होता; ही बाई ऐन वेळी हरते, असं बोललं जाई. तेरा वर्षं ते ऐकून घेतल्यावर मग १९८७, १९८९, १९९१, आणि १९९६ पासून ओळीने तीन. १९९८ चा संघ ३९ पैकी ३९ सामने जिंकला. त्यातली तमिका कॅचिंग्ज जन्मापासून कमी ऐकू येणारी. शाळेत असताना चिडवतात म्हणून तिने कानातलं यंत्र फेकून दिलं होतं. टेनेसीत आल्यावर पॅटने तिला ते पुन्हा लावायला प्रवृत्त केलं. पुढे तिने ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं मिळवली. मला मात्र १९९७ चं विजेतेपद अधिक भावतं. त्या हंगामात संघ दहा सामने हरला होता. दहा पराभव पचवून जिंकलेलं विजेतेपद म्हणजे बुडीत खात्यातून वसुली.

तिची पद्धत सौम्य नव्हती, हे लपवण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या वर्षांत रात्री पार्टी करून आलेल्या मुलींना तिने दुसऱ्या दिवशी मैदानाच्या चार कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवून पळवलं. ज्यांना उलटी होईल त्यांनी ती डब्यात करावी आणि पुढे पळावं. सरावाला विद्यापीठातले मुलगे बोलावून त्यांच्याशी खेळायला लावायची. आजच्या पालकांना यातलं बरंच खटकेल. मलाही डब्यांचं पटत नाही. काही मुली सोडूनही गेल्या. पण ज्या राहिल्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणी पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या, हे विसरून चालत नाही.

पैशाचंही सांगायला हवं, नाहीतर बॅंकेचं मीठ खाल्लं कशाला? महिना २५० डॉलरवर सुरू झालेली ही नोकरी २००६ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर गेली. महिला बास्केटबॉलमध्ये ही मजल पहिल्यांदा तिनेच गाठली. पुरुषांच्या संघाचं प्रशिक्षकपद तिला दोनदा विचारलं गेलं होतं. तिने घेतलं नाही. ती बढती कशी काय, असा तिचा सवाल होता. पण या भरभराटीची दुसरी बाजूही आहे. १९७२ साली अमेरिकी कॉलेजांतल्या महिला संघांच्या दर दहा प्रशिक्षकांत नऊ स्त्रिया होत्या. पगार वाढले, मान वाढला, आणि पुरुष अर्ज करू लागले. आता तिथे स्त्रिया निम्म्याहूनही कमी आहेत. व्हॅन चालवायची आणि गणवेश धुवायचे होते, तोवर ती बायकांची कामं होती.

२००५ मध्ये तिने डीन स्मिथ यांचा ८७९ विजयांचा विक्रम मागे टाकला, २००९ मध्ये हजारावा सामना जिंकला. एव्हाना नवऱ्याशी फारकत झालेली, संधिवाताने हातपाय धरलेले. आणि मग वेगळंच काही होऊ लागलं. किल्ल्या सापडेनात. हॉटेलातल्या खोलीचा क्रमांक आठवेना. सामना ऐन रंगात आला असताना कुठली चाल सांगायची ते सुचेना. आधी तिला वाटलं, संधिवाताच्या औषधांचा परिणाम असेल. मे २०११ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये तपासण्या झाल्या. निदान झालं ते अकाली स्मृतिभ्रंशाचं, अल्झायमरच्या प्रकारातलं. वय ५८.

इथे मला माझ्या शाखेतला एक प्रसंग सांगावासा वाटतो. पेन्शनच्या दिवशी खिडकीशी एक निवृत्त मुख्याध्यापक येत. मला सगळे मॅडम म्हणत, ते मात्र 'बाई' म्हणत, शाळेची सवय. त्यांची सही म्हणजे कित्ता होता. एका वर्षी ती बदलू लागली. पहिलं अक्षर ठीक, मग रेष भरकटायची. पुढच्या महिन्यात तर सही दुसऱ्याच कुणाची वाटावी. मुलगा सोबत असायचा. तो त्यांच्या पाठीमागून मला खुणा करायचा, काही बोलू नका. मग मोठ्याने म्हणायचा, "बाबांनी घाईत केलीय, मॅडम." मी नमुन्याचं कार्ड काढायची, ताडून पाहायची, आणि आम्ही तिघं घाईचंच नाटक करायचो. एकदा रांग भरलेली असताना मास्तरांनी पेन खाली ठेवलं आणि वर्गात बोलत तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "बाई, माझी सही मलाच ओळखू येईनाशी झालीय. अंगठा चालेल का?" मुलाचा चेहरा उतरला. रांगेत शांतता झाली. मी शाईचा पॅड काढला. साक्षीदार म्हणून रांगेतलेच दोघं पुढे आले; त्यातला एक त्यांचा विद्यार्थी निघाला.

हा आजार आपल्या घरांतून 'वय झालं', 'जरा विसरतात' अशा शब्दांच्या पांघरुणाखाली ठेवला जातो. लग्नाची मुलं असतात, जमिनीचे व्यवहार असतात, चारचौघांत शोभा नको असते. ते मी समजू शकते. पॅटच्या बाबतीत तर लपवण्यासारखं पुष्कळच होतं. करार, दहा लाखांचा पगार, निवड करायला आलेल्या मुलींचा विश्वास. उद्या एखादी शाळकरी मुलगी म्हणणार, चार वर्षांनी ही बाई मला ओळखणार तरी का? प्रतिस्पर्धी संघ हेच कानात सांगणार. तरीही ऑगस्ट २०११ मध्ये तिने आधी आपल्या खेळाडूंना आणि मग सगळ्या देशाला सांगून टाकलं. कुणी हळहळत बसायचं नाही, अशीही ताकीद दिली. मागच्या बाकावर जाऊन बसायला तिला भरपूर जागा होती. ती पुढच्या रांगेत बसली.

आणि काम सोडलं नाही. २०११-१२ चा हंगाम ती बाकावर बसून होती. डावपेचांचा भार तिच्या सहायकांनी, मुख्यतः हॉली वॉर्लिकने, वाहिला. हॉली १९७६ मध्ये तिच्याकडे खेळाडू म्हणून आलेली, मग २७ वर्षं सहायक. सामना चालू असताना जिच्याकडे नजर टाकली की काळजाचा ठोका चुकायचा, ती बाई आता कधी कधी नुसतीच पाहत बसलेली असे. संघातल्या त्या वर्षीच्या मुलींच्या मनाचं काय झालं असेल, ते मला कुठल्याही आकडेवारीत सापडलं नाही. हंगामात २७ सामने जिंकले, ९ हरले. मार्च २०१२ मध्ये बेलरच्या संघाने त्यांना बाहेर काढलं. बेलर त्या वर्षी चाळीसच्या चाळीस सामने जिंकणारा संघ होता. जिच्या संघाशी पॅटची वर्षानुवर्षं खडाजंगी चालली, पाचपन्नास बोलणी झाली, पुढे सामनेही बंद झाले, त्या कनेक्टिकटच्या प्रशिक्षकाने, जीनो ऑरिएमाने, तिच्या अल्झायमर निधीला दहा हजार डॉलर पाठवले.

एप्रिल २०१२ मध्ये तिने पद सोडलं. त्या वेळी आपली शिट्टी तिने हॉलीच्या हाती दिली. २८ जून २०१६ रोजी पॅट गेली, वयाच्या ६४ व्या वर्षी. त्याच वर्षाच्या अखेरीस नॉक्सव्हिलच्या विद्यापीठ रुग्णालयात तिच्या नावाचं अल्झायमरचं उपचार केंद्र सुरू झालं.

विक्रम मोडायचेच असतात. १०९८ चा आकडा डिसेंबर २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या तारा व्हॅनडरव्हीरने ओलांडला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिलाही मागे टाकलं ते त्याच जीनो ऑरिएमाने. २०२४ च्या वसंतात कॉलेज बास्केटबॉलचा महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिला. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

टेनेसीत पॅटनंतर हॉली आली, मग पॅटकडेच खेळलेली केली हार्पर. २०२४ मध्ये किम कॉल्डवेल आली, पॅटच्या तालमीशी थेट नातं नसलेली पहिलीच. ती आली तेव्हा काही जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली, असं भाची फोनवर सांगत होती. २० जानेवारी २०२५ ला किमला मुलगा झाला. त्या आठवड्यात संघाचा एक सामना तिच्याविना झाला. सात दिवसांनी, २७ तारखेच्या सामन्याला, ती बाकाशी उभी होती. भाचीच्या मुलीने तो सामना मैदानात बसून पाहिला. मी फोनवर विचारलं, बाळाला कोण सांभाळत होतं? तिला माझा प्रश्नच कळला नाही. ती मला शेवटच्या दोन मिनिटांत काय झालं ते सांगत होती.